फडापासून गव्हाणीपर्यंत : पुरवठा साखळी आणि सामाजिक उत्तरदायित्व (अध्यक्षीय भाषण)



कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ मुळे उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व भारतात केवळ सदिच्छेचा विषय राहिला नाही, ही गोष्ट या परिषदेत जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक, अथवा उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक आहे, तिने मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असा हा नियम असून तो १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. या तरतुदीमुळे शाळाखोल्या उभ्या राहिल्या, पाणलोटाची कामे झाली, रुग्णवाहिका धावल्या. त्या कामांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु याच कायद्याखालील नियमांनी कंपनीच्या नित्य व्यवसायाचा भाग असलेली कामे आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेली कामे या खर्चातून वगळली आहेत. पळवाट रोखण्यासाठी तसे करणे योग्यच होते, तरी त्याचा एक परिणाम व्यवस्थापकांच्या मनावर झाल्यावाचून राहिला नाही. नफा झाल्यानंतर त्यातील २ टक्के कसे खर्च झाले याचा हिशेब स्वतंत्र समितीकडे गेला, आणि तो नफा ज्या खरेदीतून, वाहतुकीतून आणि वेळापत्रकांतून निर्माण झाला त्यांचा विचार परिचालन विभागाकडे, म्हणजे दर आणि वेग यांच्या भाषेत, तसाच राहिला. उत्तरदायित्वाचे खरे स्थान खरेदीच्या करारात आणि रोजच्या वेळापत्रकात आहे, हे या भाषणाचे प्रतिपादन आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेल्या साखरेच्या पुरवठा साखळीचा आधार येथे घेतला आहे.

पुरवठा साखळी म्हणजे कच्चा माल निर्माण होतो तेथपासून तयार वस्तू ग्राहकाच्या हाती पडते तेथपर्यंतच्या सर्व संस्था, माणसे, माल, पैसा आणि माहिती यांची जोडणी. आणि परिचालन म्हणजे त्या जोडणीतील प्रत्येक टप्प्यावरचे प्रत्यक्ष काम किती, कधी, कोणी आणि कोणत्या खर्चात करावयाचे याचा निर्णय. शाश्वततेची जी व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने रूढ केली, ती पुढील पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाध न आणता आजच्या गरजा भागवण्याची आहे. मात्र त्याच अहवालात आजच्या गरिबांच्या गरजांना अग्रक्रम दिला आहे, हा भाग उद्योगांच्या अहवालांत सहसा उद्धृत होत नाही. हरितगृह वायूंच्या मोजणीत कारखान्याच्या स्वतःच्या धुराड्यातून होणारे उत्सर्जन ही पहिली व्याप्ती, विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन ही दुसरी आणि पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या संपूर्ण मूल्यसाखळीतील उत्सर्जन ही तिसरी व्याप्ती मानली जाते. कार्बनच्या बाबतीत जबाबदारी कुंपणाबाहेर जाते हे अशा रीतीने मान्य झाले असताना श्रमाच्या बाबतीत मात्र ती कुंपणापाशीच थांबावी, यात तर्कदृष्ट्या कोणतीही सुसंगती नाही.

कुंपणापाशी थांबण्याची किंमत २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथे दिसली. राणा प्लाझा ही इमारत कोसळून तयार कपड्यांच्या कारखान्यांतील १,१०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते आणि तरीही मागण्या वेळेत पूर्ण करण्याच्या दडपणाखाली कामगारांना आत पाठवले गेले होते. ज्या परदेशी नाममुद्रांसाठी ते कपडे शिवले जात होते त्यांच्या मालकीची ती इमारत नव्हती. मात्र मुदत आणि दर त्यांच्या खरेदी विभागांत ठरत होते. त्यानंतर जर्मनीने २०२३ पासून पुरवठा साखळीतील दक्षतेचा कायदा लागू केला आणि भारतात सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल २०२२-२३ पासून सक्तीचा केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि अहवालाचा रकाना भरला जाणे आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला काम करणाऱ्या माणसाचा दिवस बदलणे या दोहोंत किती अंतर असू शकते, हे उसाच्या फडात दिसते.

उसाचे परिचालन एका रासायनिक वस्तुस्थितीभोवती फिरते. तोडलेल्या उसात इन्व्हर्टेज या विकरामुळे सुक्रोजचे विघटन सुरू होते, साखर उतारा घटतो, म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत, म्हणजे कारखान्याच्या उसवाहक पट्ट्यावर, पडला पाहिजे. दुसऱ्या बाजूस कारखाना हंगामात अहोरात्र चालतो. उसाअभावी मिल थांबली, ज्याला कारखान्याच्या बोलीत ‘नो केन’ म्हणतात, तर तासागणिक तोटा होतो. शेतकी विभाग लागणीच्या तारखांनुसार पाळीपत्रक लावतो, ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांना फड नेमून देतो आणि वाहनांच्या खेपा ठरवतो. येथपर्यंतचे शास्त्र पाठ्यपुस्तकात येते. पाठ्यपुस्तकात जे येत नाही ते असे, की पहाटेपासून ऊस तोडून, पाचट काढून, मोळ्या बांधून ठेवलेले जोडपे सायंकाळी कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतते, चूल पेटते, आणि रात्री कधीतरी गाडी फडात लागते. तेव्हा पुन्हा उठून, मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढत ती गाडी भरावी लागते. मजुरी टनावर असल्याने गाडीची वाट पाहण्यात गेलेल्या वेळाचा दाम नाही. वाहन रात्री येते ते निसर्गनियमाने नव्हे. वजनकाट्यावरील रांग, खेपांची संख्या आणि गाळपाचा वेग यांची जुळणी करताना एका पदार्थाचा वाट पाहण्याचा वेळ कमी करण्यात आला आणि माणसाचा वाट पाहण्याचा वेळ हिशेबातच घेतला गेला नाही, म्हणून ते रात्री येते. हा प्रश्न परिचालनशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तरही त्याच शास्त्राने द्यावयाचे आहे.

या श्रमाची हिशेबी एकके पाहिली म्हणजे साखळीची रचना अधिक स्पष्ट होते. बीड आणि मराठवाड्यातील अन्य जिल्ह्यांतून, तसेच अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे तोडीला जातात. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो, एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते आणि ती टनाच्या मजुरीतून फेडावयाची असते. फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर चढते. उचल पुरुषाच्या हाती येते, नोंद त्याच्या किंवा मुकादमाच्या नावे होते, आणि निम्मे काम करणारी स्त्री कोणत्याही वहीत स्वतंत्र व्यक्ती म्हणून दिसत नाही. कामावर न गेल्यास खाडा धरून रक्कम कापली जाते, मग कारण आजारपण असो वा मासिक पाळी. फडावर शौचालय नाही, धुण्यापुरते स्वच्छ पाणी नाही, बाळंतपणानंतरची विश्रांती नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, तेव्हा पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खासगी रुग्णालयांच्या व्यवहाराची चौकशी आवश्यक होतीच. पण ज्या कामाच्या रचनेत दुखण्याचा प्रत्येक दिवस कर्जात भर घालतो, ती रचना या आकड्याला तितकीच जबाबदार आहे, असे येथे स्पष्टपणे नोंदवणे कर्तव्य ठरते.

मग हा कामगार कोणाचा? कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम टोळीशी, आणि या उतरंडीत प्रत्येक पायरीवर पैसा खाली जातो, जबाबदारी मात्र कोणत्याच पायरीवर टिकत नाही. वरच्या दिशेने पाहिले तरी स्थिती वेगळी नाही. साखरेचा मोठा हिस्सा घरगुती डब्यात न जाता शीतपेये, मिठाई, बिस्किटे आणि औषधे बनवणाऱ्या उद्योगांकडे जातो, व त्या उद्योगांच्या आचारसंहितेत वेठबिगारीला सक्त मनाई असते; परंतु संहितेची तपासणी बहुधा गिरणीच्या फाटकाच्या आत होते. त्यातच सहकारी साखर कारखाने सहकारी संस्था म्हणून नोंदलेले असल्याने कलम १३५ त्यांना लागूच होत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगर येथे ज्या सहकाराचा पाया घातला, त्याने सावकाराच्या कचाट्यातून ऊस उत्पादकाला बाहेर काढले, ही विसाव्या शतकातील महाराष्ट्राची थोर कामगिरी होय. त्या सहकारात तोडणाऱ्याला सभासदत्वाचे स्थान मिळाले नाही, ही त्याच कामगिरीची अपुरी राहिलेली बाजू आहे. येथे उत्पादकाचाही पेच लक्षात घेतला पाहिजे. त्याला मिळणारा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करून हाती येतो, त्यामुळे तोडीचा दर वाढला की भार त्याच्यावर पडतो आणि दोन कष्टकरी वर्ग एकमेकांसमोर उभे राहतात, तर साखरेचा घाऊक खरेदीदार या झगड्यापासून दूर राहतो.

पर्यावरणाच्या बाजूने या उद्योगाने पुष्कळ प्रगती केली आहे. उसाच्या चिपाडापासून, म्हणजे बगॅसपासून, वीज तयार होते, मळीपासून इथेनॉल, रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, म्हणजे प्रेसमडपासून, खत. आसवनीतील सांडपाणी नदीत सोडण्याऐवजी त्याचा निचरा आवारातच करण्याची सक्ती झाली. यातील बहुतेक उपाय उत्पन्न देणारे असल्यामुळे ते लवकर रुजले. पाण्याच्या प्रश्नाला तसे उत्पन्न जोडलेले नाही. राज्याच्या एकूण पिकाखालील क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी मूल्य व खर्च आयोगाने नोंदवले होते, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागलेला लातूर जिल्हाही ऊस पिकवणारा आहे. कोरडवाहू गावातील माणूस पाण्याअभावी तोडीला जातो आणि पाण्यावर पोसलेला ऊस तोडतो; पाणी आणि श्रम ही शाश्वततेची दोन स्वतंत्र प्रकरणे करून अहवाल लिहिणाऱ्यांनी हा संबंध नजरेआड करू नये.

फडावरील परिस्थिती बदलावयाची तर खर्चाचा आक्षेप येथे अपेक्षित आहे, म्हणून एक साधा हिशेब मांडणे उचित होईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन १० रुपये द्यावेत आणि तितकीच रक्कम शासनाने घालावी, असे ठरले. उतारा १० टक्के धरल्यास एक टन उसापासून १०० किलो साखर होते. म्हणजे कारखान्याचा वाटा किलोमागे १० पैसे आणि दोन्ही वाटे मिळून २० पैसे. फडावरील फिरते शौचालय, पाण्याची टाकी, महिन्यातील दोन दिवसांची भरपगारी सुट्टी आणि मुलांच्या हंगामी वसतिगृहाचा खर्च यांसाठी याच्या अनेक पट रक्कम लागली, तरी ती साखरेच्या किरकोळ दरातील नित्याच्या चढउतारापेक्षा मोठी ठरणार नाही. प्रश्न रक्कम उभी करण्याचा कमी आणि ती साखळीतील कोणी सोसावयाची हे करारात लिहिण्याचा अधिक आहे. घाऊक खरेदीदाराने दरात स्वतंत्र ओळ घालून हा खर्च उचलावा आणि तो तोडणाऱ्या व्यक्तीच्या, स्त्री व पुरुष दोघांच्या, वेगवेगळ्या बँक खात्यापर्यंत पोहोचल्याचा पुरावा मागावा, ही मागणी या व्यासपीठावरून केली जात आहे.

शैक्षणिक संस्थांकडून अपेक्षा याहून नेमकी आहे. वाहन-नियोजनाच्या गणितांत इंधन, अंतर आणि उतारा यांच्यासोबत ‘सूर्यास्तानंतर भरणी नाही’ ही अट घालून किती खर्च वाढतो, याचा प्रत्यक्ष कारखान्याच्या आकड्यांवर अभ्यास व्हावा. फडांची निवड करताना टोळीच्या कोपींपासूनचे अंतर हा घटक धरावा. आणि तोडणी यंत्रांचा प्रसार होत असताना ज्यांची तोड जाणार आहे त्यांच्या पर्यायी रोजगाराचा खर्च यंत्राच्या गुंतवणुकीच्या हिशेबात दाखवावा. यंत्र आले म्हणजे अन्याय आपोआप संपेल, असे समजणाऱ्यांना बीडच्या एखाद्या वस्तीवर उचल न मिळालेल्या वर्षी काय घडते ते पाहण्याची गरज आहे.

या अभ्यासाचा काळ निवडतानाही विचार हवा. पाहणी करणारे बहुधा गाळप सुरू असताना फडावर जातात, परंतु तोपर्यंत त्या हंगामाच्या सर्व अटी पक्क्या झालेल्या असतात, कारण उचल पावसाळ्यात, घरातले धान्य संपत आलेले आणि शाळेचा व पेरणीचा खर्च समोर असताना घेतली जाते. म्हणून परिषदेने नेमावयाच्या अभ्यासगटाने आपले काम आषाढ-श्रावणात, मुकादम ज्या गावांत उचल वाटतो तेथून सुरू करावे, आणि खरेदीदार कंपन्यांच्या प्रतिनिधींना त्याच वेळी सोबत घ्यावे.