पाणी लाल येते म्हणून बोअर सोडू नका
(देवगाव फाटा येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही, ज्वारीवरही नाही. आज बोलायचे घरच्या पाण्यावर, आणि त्यातही लाल पाण्यावर. हा विषय सभेत निघत नाही, कारण सभेत बोलतात पुरुष आणि घागर भरतात बाया.

बोअरचे किंवा हापशाचे पाणी तांबूस येऊ लागले, चहा काळा पडू लागला, धोतर-लुगडी पिवळी पडू लागली, की घरची माणसे काय करतात? ते पाणी जनावरांना आणि भांड्यांना ठेवतात, आणि प्यायला उघड्या आडाचे, नाही तर दुधनेच्या पात्रातल्या झऱ्याचे आणतात. का? तर ते निवळ दिसते. फसगत इथेच होते. लोहाने पाण्याचा रंग बिघडतो, चव बिघडते. पण हगवण, कावीळ, विषमज्वर लोहाने होत नाहीत. ते होतात मैला मिसळलेल्या पाण्याने, आणि तो मैला डोळ्यांना दिसत नाही. खोलचे लाल पाणी सोडून उघड्यावरचे निवळ पाणी पिणे हा तोट्याचा सौदा आहे. सरकारी मानकातसुद्धा लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती, ती २०१५ साली १ मिलिग्रॅम केली. मुख्य भानगड डागांची आणि चवीची आहे, विषाची नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. लाल पाण्याच्या बाबतीत ही म्हण अर्धीच खरी. पुष्कळदा आडात नसतेच, पोहऱ्यातच असते!

हापशाची गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. ओतीव लोखंडाचे हापसे गावोगाव मोडून पडत होते, तेव्हा १९७० च्या आसपास जालन्याच्या मिशनच्या लोकांनी पोलादाचा मजबूत हापसा बनवला. तो जालना पंप. पुढे सोलापूरचा पंप आला, आणि त्यावरून युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क दोन. तो जगभर गेला. पण त्याच्या पोटातला पाइप जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. पाणी आम्ल असले की मुलामा टिकत नाही. पश्चिम आफ्रिकेत १९८० च्या दशकात तपासले तेव्हा दिसले की लोक ज्या लाल पाण्याला नावे ठेवत होते, त्यातले बरेचसे लोह जमिनीतले नव्हतेच, ते गंजलेल्या हापशाचे होते. आपल्या काळ्या दगडातले पाणी सहसा आम्ल नसते, ते जड असते. आसाम-बंगालइतके लोहही त्यात सहसा नसते. म्हणून आपल्याकडे पहिला संशय जुन्या पाइपावर आणि केसिंगवर घ्यावा.

खात्री कशी करायची? पहाटे, कोणी हात लावायच्या आधी, पहिली बाटली भरा. मग तासभर हापसा किंवा मोटार चालू द्या आणि दुसरी भरा. पहिली लाल आणि दुसरी निवळ, तर लोह पाइपाचे. पाइप बदला, प्लॅस्टिकचा टाका. दोन्ही सारख्याच, तर दोष खालचा. आता दुसरी बाटली दिवसभर उघडी ठेवा. भरताना निवळ असलेले पाणी हळूहळू तांबडे झाले, तर त्यात विरघळलेले लोह आहे. खाली हवा नसते म्हणून ते दिसत नाही, वर हवा लागली की गंजासारखे होऊन तळाला बसते. भरतानाच गढूळ लाल असेल, तर ती बहुधा माती. आपल्या दगडाच्या थराथरांमध्ये गेरूसारखी लाल माती असते, बोअर पाडताना तुम्ही पाहिली असेल. तिथे केसिंग बसले नसेल तर ती मिसळते. तिला औषध नाही, तिला केसिंग लागते.

तिसरा प्रकार लोहजंतूंचा. टाकीच्या आत बुळबुळीत, लालसर शेवाळासारखा थर, पाण्याला कुजका किंवा तेलकट वास, साचल्या पाण्यावर तेलासारखा तवंग. तवंगात काडी फिरवा. तेल असेल तर तो पुन्हा एक होतो. जंतूंचा असेल तर पापडासारखे तुकडे होतात आणि तुकडेच राहतात. हे जंतू माणसाला रोग देत नाहीत, पण पाइप, जाळी, मोटार तुंबवतात. ठिबक असेल तर तोट्या बंद करतात. बर्लिनसारख्या शहरालाही १८७० च्या दशकाच्या अखेरीस यांनी जेरीस आणले. तिथे विहिरी सोडून तळ्याचे पाणी गाळून घ्यावे लागले. मग काही वर्षांनी पाणी हवेतून पाडायचे आणि वाळूतून गाळायचे तंत्र बसवले, तेव्हा ते पुन्हा विहिरींकडे वळले.

जंतूंवर उपाय टीसीएल पावडरीचा. आधी मोटार-पाइप वर काढून बुळबुळ घासून धुवा, नाही तर औषध वरच्या वरच जिरते. सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी असते. पाण्याची उंची १३० फूट असेल तर सातशे लिटर, त्याला चांगली, ताजी टीसीएल सव्वाचारशे ग्रॅम. पाच फूट रुंदीच्या आडात दहा फूट पाणी असेल तर साडेपाच हजार लिटर, त्यालाही त्याच प्रमाणात. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी तेवढे ओता. मोटार थोडी चालवून वास नळापर्यंत आणा आणि चोवीस तास तसेच ठेवा. मग वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी पिऊ नका, जनावरांना पाजू नका, पिकात सोडू नका. औषध टाकलेल्या आडात उतरू नका. आणि टीसीएलमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, जो वायू निघतो तो जीव घेतो. ठिबक धुणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

एकदा केले म्हणजे संपले, असे मात्र नाही. जंतू पुन्हा येतात, वर्षा-सहा महिन्यांनी पुन्हा करावे लागते. आणि एका बोअरचे दोर-पाइप दुसऱ्या बोअरमध्ये धुतल्याशिवाय घालू नका, साथ अशीच पसरते. मोटार काढणारे पथक आले की त्यांच्याकडूनही हे करून घ्या.

विरघळलेल्या लोहाला टीसीएलचा खर्च नको, त्याला हवा पुरते. तळाला भोके पाडलेली बादली उंच टांगा, पाणी धारांनी खालच्या रांजणात पडू द्या, रात्रभर ठेवा. सकाळी वरचे पाणी वाळूच्या दुसऱ्या बादलीतून गाळा. खाली खडी, वर धुतलेली वाळू, वीतभर तरी. वाळू लाल झाली की धुवायची. विकतचे आरओ यंत्र अशा पाण्यावर सरळ लावले तर लोहाने त्याचा पडदा तुंबतो, हे विकणारा सांगत नाही. आणि पिवळ्या पडलेल्या कपड्यांना ब्लीचिंग लावू नका, डाग पक्का होतो. लिंबू चोळा.

लोह दिसते म्हणून आपण त्याच्यामागे लागतो. नायट्रेट आणि फ्लोराइड दिसत नाहीत, त्यांचे काय? नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर आणि फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, तर पाणी कितीही निवळ असो, ते पिण्याचे नाही. हवेने वा टीसीएलने ती जात नाहीत. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायांना पाणी तपासायच्या पेटीचे शिक्षण द्यायचे ठरले होते. तुमच्या गावची पेटी कुठल्या कपाटात आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना नेताना बाटली काठोकाठ भरा, लोह तपासायचे आहे असे आधी सांगा. जंतूंच्या तपासणीची बाटली त्यांच्याकडूनच घ्या, घरची चालत नाही. बाटल्यांवर 'पहिले पाणी' आणि 'तासाभरानंतरचे' अशा चिठ्ठ्या लावायला विसरू नका.