भगर घेताना

मंडळी, उपवास आला की आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी भगर शिजते. अंबाजोगाईला योगेश्वरीचे नवरात्र असो, की परळीला वैजनाथाची महाशिवरात्र असो, भगर आणि शेंगदाण्याची आमटी पाहिजेच.

काही जण म्हणतात, "भगर बाधते, ती सोडाच." आम्हाला हे पटत नाही. भगर म्हणजे वरईचे तांदूळ. धान्य चांगले आहे, पोटाला हलके आहे. दोष दाण्याचा नाही, ओलीचा आहे.

दाण्याला ओल लागली की बुरशी धरते. काही बुरशी विष तयार करते. अख्खा दाणा निवडता येतो. पीठ कसं निवडणार? ते कधी दळलं, कोणत्या पोत्यातलं दळलं, काय कळणार? बरं, शिजवलं म्हणजे विष गेलं, असंही नाही. म्हणून सुटं पीठ चार पैसे स्वस्त मिळालं, तरी आम्ही म्हणतो, घेऊ नका.

बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात सोमठाणा गाव आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे सप्ताह चालू होता. एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला. मग शेकडो माणसं उलट्या-जुलाबानं बेजार झाली. बीबीच्या दवाखान्यात जागा पुरेना. बाहेर दोऱ्या बांधल्या आणि त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. पंगत मोठी असली की एका पातेल्याचा बिघाड साऱ्या गावाला भोवतो. सप्ताहासाठी माल आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग करायचे काय? पाकीटबंद भगर घ्या. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा पाकिटावरची तारीख स्वतः वाचा. घरी आणून निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा. भाकरीपुरतेच पीठ दळा. कोरड्या डब्यात झाकून ठेवा. मागच्या नवरात्राची उरलेली भगर या नवरात्राला काढू नका. कुबट वास आला तर कोंबड्यांनाही घालू नका.

खाल्ल्यावर चक्कर आली, हातपाय कापू लागले, उलट्या झाल्या, तर "उपवास बाधला, देवी कोपली" म्हणत घरी बसू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. १०८ नंबर फिरवला की गाडी फुकट येते. उरलेले पीठ टाकू नका, बांधून डॉक्टरांकडे न्या. दुकानदाराचे नावही सांगा. त्याच पोत्यातले पीठ शेजारच्या घरीही गेलेले असते.