बांधावरची बाभूळ
(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



मुळशी, भोर, वेल्हें या बाजूस देवराया आहेत. तेथें कुऱ्हाड घालावयाची नाहीं असा गांवाचा धाक असे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या विद्वानांनीं १९७० नंतरच्या दशकांत त्या रायांचा अभ्यास केला व देवाच्या नांवावर काय काय वांचलें तें जगापुढें मांडलें. आपल्याकडे पाऊस तोकडा. राई कोठून असणार? म्हणून आपला देव एकट्या झाडाखालीं बसला. म्हसोबा बाभळीखालीं, मारुती पिंपळाखालीं, पीर चिंचेखालीं. धोंड्यांत देव आहे कीं नाहीं हा वाद मी आज घालीत नाहीं. शेंदरानें झाड वांचलें, एवढें मला पुरे.

पण बाभळीला शेंदूर नसला तरी तिचा मान होता. नांगर, कुळव, गाडीचें चाक तिच्या लांकडाचें. साल चांभाराच्या कातड्याला, शेंगा धनगराच्या मेंढरांना, कांटे कुंपणाला. सुतारापासून धनगरापर्यंत सारा गांव एका झाडावर जगे. शिवाय तिच्या मुळांच्या गांठींतील सूक्ष्म जंतू हवेंतील नत्र जमिनींत आणतात. म्हणजे खत फुकट!

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. गांवचीं कुरणें व रानें जंगलखात्यानें घेतलीं, गरिबाच्या शेळीला चरावयास जागा ठेविली नाहीं, असा त्यांत त्यांचा जळजळीत आरोप आहे. तेव्हां तक्रार सरकारावर होती. आज कुऱ्हाड कोणाच्या हातीं आहे? पाट आले, ऊस आला, सावलीनें ऊस खुरटतो म्हणून बांध मोकळे झाले. मी दुसऱ्यांस नांवें ठेवीत नाहीं. माझ्या बांधावरच्या दोन चिंचा मींच वखारवाल्यास दिल्या. पैसे एका हंगामाच्या खतांत गेले. पुढल्या सालीं ऊसतोडीची एक बाई लेंकराची झोळी बांधावयास झाड शोधीत साऱ्या शेतभर फिरली. शेवटीं तिनें झोळी बैलगाडीखालीं बांधली. तें पाहून मला भाकर गोड लागली नाहीं.

शिरूर तालुक्यांतलीच मोराची चिंचोली पाहा. चिंचा राहिल्या म्हणून मोर राहिले. आतां ते मोर पाहावयास पुण्याचीं माणसें येतात, शेतकऱ्याच्या घरीं जेवतात व पैसे देऊन जातात. आमच्या उसांत मात्र बिबट्या येऊन बसला आहे!

भगिनींनो, वटपौर्णिमेस वडाची फांदी तोडून घरांत पुजूं नका. वडाच्या मुळाशीं हंडाभर पाणी घाला.

येत्या मृगांत दर बांधावर दोन बाभळी व दर विहिरीवर एक उंबर लावावा, असा माझा ठराव आहे. लावणें सोपें, पुढले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्यांचीं नांवें आतांच लिहून घ्या. पहिलें माझें लिहा.