कावीळ, यकृत आणि मायक्रोआरएनए
(जागतिक हिपॅटायटिस दिनी, 28 जुलै रोजी प्रसारित झालेले भाषण)

मुंबईतील माहुलच्या रहिवाशाशी त्याच्या प्रकृतीविषयी बोलू लागले, की तो प्रथम हवेची तक्रार सांगतो, आणि ती तक्रार सर्वथा रास्त आहे. एका अंगाला खाडी व खारफुटी, दुसऱ्या अंगाला स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात उभे राहिलेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने, मध्ये कोळी बांधवांचे जुने गाव, आणि अलीकडे तानसा जलवाहिनीच्या कडेवरून उठवून आणलेल्या कुटुंबांच्या उंच इमारती, अशी या वस्तीची रचना आहे. येथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये नमूद केले, आणि येथे राहण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला. परंतु ज्या व्याधीविषयी मी आज बोलणार आहे ती हवेतून येत नाही. ती रक्तातून येते, पुष्कळदा आईच्या रक्तातून जन्माच्या वेळी येते, आणि तीस-चाळीस वर्षे यकृतात मुक्काम केल्यानंतर कर्करोगाच्या रूपाने प्रकट होते. तिला वास नाही, धूर नाही, आणि बहुतेक काळ लक्षणही नाही. म्हणूनच तिच्याविरुद्ध अर्ज करण्याचे कोणाला सुचत नाही.

या व्याधीचे कारण हिपॅटायटिस बी नावाचा विषाणू. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की त्या सर्व विकारांना कावीळ या एकाच नावाखाली दाखल करण्याची रीत आहे, आणि त्यावर गळ्यात मंतरलेली माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ते पाणी पिवळे झालेले दाखविणे, असे उपाय आजही मुंबईच्या वस्त्यांत सर्रास चालतात. हे उपाय करणाऱ्यांना मी लबाड म्हणणार नाही, कारण रोगी बरा झालेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई यांची, बहुसंख्य रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि त्याचे श्रेय माळेच्या पदरी पडते. हिपॅटायटिस बी प्रौढपणी झाला तर तोही शंभरातील पंचाण्णव जणांच्या शरीरातून निघून जातो. परंतु हाच विषाणू जन्मतः किंवा पहिल्या वर्षात शरीरात शिरला, तर दहांतील नऊ बालकांत तो कायमचा ठाण मांडतो, आणि त्या बालकांना बहुधा कावीळ होतच नाही. ज्याचे डोळे पिवळे झाले त्याची घरादाराने काळजी घ्यावी आणि ज्याला खरा धोका आहे त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसावा, असा हा विपरीत प्रकार आहे.

या विषाणूचा माग अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांनी 1960 नंतरच्या दशकात लावला. जगातील निरनिराळ्या जनसमूहांच्या रक्तातील भेद तपासत असता एका ऑस्ट्रेलियन आदिवासी गृहस्थाच्या रक्तात त्यांना एक अपरिचित प्रथिन सापडले, आणि ते या विषाणूचेच बाह्य आवरण असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्यांना 1976 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा दिवस जगभर पाळला जातो तो त्यांचा जन्मदिवस म्हणून. परंतु हा विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध निःसंशय प्रस्थापित केला तो तैवानमधील सरकारी नोकरांच्या तपासणीने. पामर बीझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 22,707 पुरुष नोकरांवर काही वर्षे नजर ठेवली आणि 1981 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की विषाणू बाळगणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांच्या 223 पट आहे. रोगशास्त्राच्या इतिहासात कारण आणि कार्य यांचे इतके बळकट नाते फार थोड्या ठिकाणी आढळते.

नाते कळले, तरी ते घडते कसे हा प्रश्न राहिलाच. या विषाणूचा सारा जनुकीय मजकूर जेमतेम 3,200 अक्षरांचा, त्यात जनुके अवघी चार, आणि तीही एकमेकांवर चढविलेली. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर तो माणसाच्या यकृतपेशीचा कारभार चाळीस वर्षांत कसा बिघडवितो, याचे एक उत्तर मागील पंचवीस-तीस वर्षांत मिळत गेले आहे, आणि ते मला आधुनिक जीवशास्त्रातील अत्यंत मनोहर प्रकरणांपैकी एक वाटते.

पेशीचा कारभार एखाद्या जुन्या कचेरीसारखा चालतो असे क्षणभर समजा. मूळ फर्माने डीएनएच्या रूपाने केंद्रकाच्या दप्तरखान्यात कुलूपबंद असतात; गरजेप्रमाणे त्यांची नक्कल आरएनएच्या रूपाने बाहेर येते, आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिने तयार होतात. पुष्कळ काळ असे मानले जात होते, की कोणते फर्मान केव्हा बाहेर काढावयाचे याचा निर्णय दप्तरखान्याच्या दारातच होतो, आणि नक्कल एकदा बाहेर पडली की तिची तामिली ठरलेलीच. 1993 मध्ये व्हिक्टर अॅम्ब्रोस यांनी रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांच्यासह, आणि त्याच वेळी गॅरी रुव्हकून यांनी स्वतंत्रपणे, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत दाखवून दिले, की सुमारे 22 अक्षरांचा आरएनएचा एक तुकडा, ज्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही, तो बाहेर पडलेल्या नकलेच्या शेवटाकडील जुळत्या अक्षरांवर जाऊन बसतो आणि तिची तामिली रोखून धरतो. हाच मायक्रोआरएनए. आरंभी ही त्या कृमीपुरती नवलाई समजली गेली. 2000 साली लेट-7 नावाचा दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसासह असंख्य प्राण्यांत जसाच्या तसा आढळला, तेव्हा जग जागे झाले. माणसात असे तुकडे हजाराच्या घरात आहेत, आणि एकेक तुकडा शेकडो नकलांवर देखरेख ठेवू शकतो. अॅम्ब्रोस आणि रुव्हकून यांना 2024 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच झाले.

आता यकृताकडे वळू. यकृतपेशीतील एकूण मायक्रोआरएनएंपैकी सुमारे 70 टक्के वाटा मिर-122 नावाच्या एकट्या तुकड्याचा असतो, आणि इतर अवयवांत तो जवळजवळ नसतोच. यकृताला यकृतपण देणाऱ्या व्यवस्थेचा तो मुख्य रखवालदार म्हणावयास हरकत नाही. हिपॅटायटिस बी शरीरात ठाण मांडून बसला की या तुकड्याचे प्रमाण घटते. विषाणूचे एक्स नावाचे प्रथिन त्याची निर्मिती दाबते, आणि शिवाय विषाणूच्या स्वतःच्या आरएनएमध्ये मिर-122 शी जुळणारी अक्षरे असल्यामुळे उरलेला साठाही तिकडे गुंतून पडतो. रखवालदार असा कमी पडला म्हणजे सायक्लिन-जी1 हे प्रथिन वाढते, ते पी-53 या कर्करोगरोधक प्रथिनाचा जोर कमी करते, आणि पी-53 चा धाक गेला की विषाणूच्या नकला अधिकच निघू लागतात. म्हणजे विषाणू मिर-122 ला कमी करतो, आणि ते कमी झाल्याने विषाणू पुन्हा वाढतो. हे चक्र कोणताही गाजावाजा न होता वर्षानुवर्षे फिरत राहते. त्याच्या जोडीला काही तुकडे प्रमाणाबाहेर वाढतात. मिर-21 हा त्यांपैकी एक. तो पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पीटेन या प्रथिनाच्या नकलांवर बसतो, आणि लगामच नाहीसा होतो. मघा उल्लेखिलेला लेट-7 देखील एक्स प्रथिनामुळे घटतो.

हे केवळ सहसंबंध आहेत, कारण नव्हेत, अशी शंका चिकित्सक श्रोत्याच्या मनात आली असेल, आणि ती उचित आहे. तिचे उत्तर उंदरांनी दिले. 2012 मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी मिर-122 चे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. विषाणूचा स्पर्शही नसताना त्या उंदरांच्या यकृतात आधी मेद साठला, मग दाह झाला, मग व्रणतंतू माजले, आणि अखेर गाठी आल्या. माणसाच्या यकृताचा ऱ्हास याच पायऱ्यांनी होत असतो.

या ज्ञानाचा उपचारास उपयोग काय, हे विचारणे स्वाभाविक आहे. चीनमधील संशोधकांनी 2011 मध्ये रक्तातील सात मायक्रोआरएनएंच्या मापनावरून हा कर्करोग लवकर ओळखण्याची पद्धत मांडली. ती आशादायक आहे, पण अजून आपल्या रुग्णालयांच्या नित्य व्यवहारात आलेली नाही. मिर-34 या दुसऱ्या तुकड्याची प्रतिकृती औषध म्हणून यकृताच्या कर्करोगाच्या रोग्यांना देण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला, तो गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये थांबवावा लागला. उतावीळ होऊन ‘जनुकीय इलाज’ म्हणून कोणी काही विकू लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

कर्करोगाचा विषाणूशी संबंध तपासण्याचे काम या मुंबईला नवे नाही, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली परळ येथे 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, आणि तेथेच पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनांतील गाठींचा अभ्यास करताना विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या परस्परसंबंधांचा वेध घेतला. देशातील पहिल्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेची उभारणीही त्यांचीच. ते केंद्र पुढे टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडले गेले आणि आज खारघर येथे कार्यरत आहे. हा सारा व्याप अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत येतो, आणि त्याच खात्याची भाभा अणुसंशोधन केंद्र ही संस्था माहुलच्या शेजारी, तुर्भ्याच्या टेकडीपलीकडे आहे. ज्ञानाची इतकी मोठी केंद्रे हाकेच्या अंतरावर असताना त्या ज्ञानाचा अगदी साधा अंश शेजारच्या इमारतीतील बाळंतिणीपर्यंत पोहोचू नये, ही गोष्ट मला क्लेशदायक वाटते.

तो साधा अंश म्हणजे लस. तैवानने 1984 मध्ये नवजात बालकांना ही लस देण्यास प्रारंभ केला, आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे 0.70 वरून दहा-बारा वर्षांत 0.36 वर आले. एखादा कर्करोग लशीने टळतो याचा तो पहिला पुरावा. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेने 1997 मध्ये देशी लस बाजारात आणली, 2002 च्या सुमारास ती काही भागांत राष्ट्रीय लसीकरणात आली, आणि 2011 पर्यंत ती सर्व देशाला लागू झाली. याचा अर्थ असा, की आज जे प्रौढ आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांना ती बालपणी मिळालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे तीन कोटी लोक हा विषाणू बाळगून आहेत.

हा विषाणू एका ताटात जेवल्याने, एका घागरीचे पाणी प्यायल्याने किंवा मुलाला जवळ घेतल्याने पसरत नाही. त्यामुळे कोणाचे लग्न मोडण्याचे वा कोणाची भांडी वेगळी करण्याचे कारण नाही. तो पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून, न बदललेल्या पात्याच्या वस्तऱ्यातून, जत्रेत गोंदणाऱ्याच्या सुईतून आणि पुन्हा वापरलेल्या इंजेक्शनातून. गुजरातेत मोडासा येथे 2009 मध्ये अशाच वापरलेल्या सुयांनी मोठी साथ पसरवली आणि अनेकांचे प्राण घेतले.

तेव्हा माहुलच्या आणि माहुलसारख्या प्रत्येक वस्तीतील श्रोत्यांना माझी विनंती आहे. प्रौढांनी आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करून घ्यावी. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. विषाणू आढळला तर घाबरून न जाता डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित तपासणी चालू ठेवावी. गर्भवतीने ही चाचणी झाली आहे की नाही, याची खात्री करावी. आणि घरात बाळ जन्माला आले, की पहिल्या 24 तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचली गेली का, हे आजीने, आत्याने, बापाने, जो कोणी प्रसूतिगृहात हजर असेल त्याने, परिचारिकेला स्पष्ट विचारावे आणि लसीकरणाच्या कार्डावर तिची नोंद झालेली स्वतः पाहूनच बाळाला घरी न्यावे.