निंबोळी, नॅनो आणि मक्यावरची अळी
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



ज्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर आम्ही पदवीपर्यंत शिकलो, तिच्याच व्यासपीठावर उभे राहून बोलताना आम्हांस संकोच वाटतो. विषय आमच्यावर सोपविला, हा आपला लोभ. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो आणि आमचे घर शेतकऱ्याचे आहे. आपणांपैकीही पुष्कळांची शेते बेळगावच्या आसपास आहेत व त्यांत पावसाळ्यात मका उभा असतो. म्हणून मक्यावरची अळी आणि तिच्यासाठी वनस्पतींपासून तयार होत असलेली ‘नॅनो’ औषधे, यांविषयी चार शब्द सांगण्याचे योजिले आहे. त्यांत आमची एक चूकही सांगावयाची आहे.

ही अळी आपल्याकडची नव्हे. तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील ही कीड २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये आपल्या राज्यात शिवमोगा येथे मक्यावर प्रथम दिसली. त्यानंतर थोड्याच काळात ती देशभर पसरली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी पांढुरकी खूण असते आणि शेपटीकडे चार काळे ठिपके चौकोनात असतात. पतंग रात्री उडतो व दूरदूर जातो. मादी एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते. लहान अळ्या पान खरवडतात, त्यामुळे पानावर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. मोठी झाली की अळी पोंग्यात शिरते आणि आपल्याच विष्ठेचा भुसा वर साचवून आत बसते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता ती चूक. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंचा मका या अळीने धरला. ते एका दुकानातून बाटली घेऊन आमच्याकडे आले. बाटलीवर कडुनिंबाच्या डहाळीचे चित्र होते व ठळक अक्षरांत ‘नॅनो’ असे छापले होते. भाईंनी विचारले, “मास्तर, तू शिकलेला. हे मारू का?” आम्ही शाळेच्या घाईत होतो. बारीक अक्षरांतील मजकूर न वाचताच म्हणालो, “मारा भाई, हे नवे शास्त्र आहे.” दोन फवारण्या झाल्या, पण अळी पोंग्यात जशीच्या तशी राहिली. पुढे बाटली नीट पाहिली, तेव्हा तिच्यावर नोंदणी क्रमांक नव्हता आणि आत काय व किती आहे तेही लिहिलेले नव्हते. त्या वर्षी कणसे निम्मीच भरली आणि पुतणीचे कॉलेज एक वर्ष लांबले. दुसऱ्या वर्षी याच संस्थेच्या साहाय्याने तिचे नाव पुन्हा घातले गेले. भाईंनी आम्हांस कधी बोल लावला नाही. त्यामुळे त्या चुकीचे ओझे अधिकच वाटते.

मग हे शास्त्र खोटे काय? तसे मुळीच नाही. आमच्या अम्मी धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालीत. तो का घालावा, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. निंबोळीतील अझॅडिरॅक्टिन हे द्रव्य शास्त्रज्ञांनी १९६८ साली वेगळे काढले. ते खाल्लेली अळी तडकाफडकी मरत नाही. तिचे खाणे मंदावते आणि पुढे तिला नीट कात टाकता येत नाही. मात्र या गुणी द्रव्याला तीन अडचणी आहेत. उन्हात ते लवकर निकामी होते, निंबाचे तेल पाण्यात मिसळत नाही, आणि पानावरून ते पावसाने धुऊन जाते.

नॅनोचा उपयोग होतो तो या अडचणींवर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. तेलाचे थेंब शंभर-दोनशे नॅनोमीटरइतके बारीक केले, तर ते पाण्यात सारखे पसरून राहतात व पानावर अधिक जागा व्यापतात. दुसरी रीत म्हणजे औषधाचा कण एखाद्या निसर्गजन्य पदार्थाच्या आवरणात ठेवावयाचा, म्हणजे ऊन त्याला लवकर खात नाही व ते हळूहळू बाहेर येते. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी निंबाच्या तेलाला झेईनचे आवरण दिले आहे. झेईन हे मक्याच्याच दाण्यातील प्रथिन होय. मक्याच्या शत्रूवर मक्यातूनच निघालेले चिलखत वापरावयाचे, ही कल्पना आम्हांस फार आवडली.

तथापि आवडलेल्या गोष्टीची परीक्षा अधिक कसून घ्यावी, हे आम्ही भाईंच्या शेतात शिकलो. अशा औषधांचे पुष्कळसे प्रयोग आजवर प्रयोगशाळेत झाले आहेत. काचेच्या बशीत अळी मरणे वेगळे आणि धो धो पावसात पोंग्यातली अळी मरणे वेगळे. शिवाय जो बारीकपणा औषधाला अळीपर्यंत नेतो, तोच त्याला मधमाशीपर्यंत, ओढ्यापर्यंत आणि फवारणाऱ्याच्या श्वासापर्यंत नेणार नाही ना, हेही तपासले पाहिजे. वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, असेही नाही. तंबाखूतील निकोटीन वनस्पतीचेच आहे आणि ते जहाल विष आहे. म्हणूनच शेतीतील नॅनो पदार्थांची पारख कशी करावी, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०२० साली प्रसिद्ध केली. कीटकनाशकांची नोंदणी तर १९६८ च्या कायद्याने आवश्यकच केली आहे. दुकानात बाटली हाती घेताच आधी नोंदणी क्रमांक पाहावा, नंतर घटक व त्यांचे प्रमाण, आणि मग ते औषध कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठी आहे ते वाचावे. हे नसेल तर बाटली परत द्यावी. नॅनो या शब्दाला भुलू नये.

तोवर आपल्या हाती काहीच नाही असे नाही. पेरणीनंतर आठवड्यातून दोनदा शेतात फिरावे व अंड्यांचे पुंजके हाताने चिरडावे. अळी लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळीची भुकटी नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, एक लिटर पाण्यात विरघळविलेला दोनशे ग्रॅम साबण तीत मिसळावा, आणि एकंदर शंभर लिटर करून त्याच दिवशी, शक्यतो सायंकाळी, पोंग्यात पडेल असे फवारावे. तोंडावर फडके व हातांत मोजे असावेत. अळी मोठी होऊन आत शिरल्यावर केवळ अर्कावर विसंबू नये. त्या वेळी कृषी खात्याच्या माणसास विचारावे.

शेवटी संस्थेपुढे एक विनंती. आपल्या आवारातील कडुनिंबांखाली दर वर्षी निंबोळ्यांचा सडा पडतो व झाडून टाकला जातो. यंदा तो आमच्या मुलांनी वेचावा, सावलीत वाळवावा आणि ज्यांना लागेल त्यांना भुकटी विनामूल्य द्यावी. त्याच मुलांना आम्ही औषधाच्या बाटलीवरील लेबल वाचावयास शिकवू. शेतकऱ्याच्या घरातील प्रत्येक मूल आपल्या बापाला बारीक अक्षरे वाचून दाखवू लागले, तर एका मास्तराच्या घाईमुळे कोणाचे पीक जाणार नाही. संस्थेने आम्हांस शिकविले, त्याची थोडीशी परतफेड या रीतीने करण्याची परवानगी असावी.