नाक्यावरचा पहारा आणि रुग्णशय्येवरचे मरण

(पोलीस स्मृतिदिनाच्या निमित्ताने बीड जिल्ह्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्स येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान धारातीर्थी पडले. तेव्हापासून हा दिवस कर्तव्यावर प्राण वेचणाऱ्या पोलिसांचा मानला जातो. दिल्लीत चाणक्यपुरी येथे २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे तेथील भिंतीवर कोरलेली आहेत.

'धारातीर्थी' हा शब्द क्षणभर नीट पाहावा असा आहे. धारा ही शस्त्राची. तिला तीर्थाचे पावित्र्य आपल्या भाषेने दिले. शत्रूच्या शस्त्राने आलेले मरण ओळखायला, गौरवायला आणि गायला समाज शतकानुशतके शिकला. मात्र जो शिपाई पहाऱ्यावर उभा असताना ज्वर घेऊन घरी परतला आणि दहा दिवसांनी रुग्णालयात प्राणवायूच्या नळीखाली गेला, त्याच्यासाठी भाषेने असा शब्द घडवलेला नाही. 'आजारपणाने निधन' एवढीच त्याची नोंद होते. तीच नोंद निवृत्तीनंतर दहा वर्षांनी घरी शांतपणे गेलेल्याचीही होते. या दोन मरणांत अंतर आहे, आणि ते समजून घ्यायचे तर २०२० च्या उन्हाळ्यात परतावे लागेल.

बीड हा अकरा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार पंचवीस लाखांहून अधिक लोकवस्तीचा जिल्हा. त्याची खरी ओळख कोयत्याची. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पाडव्याच्या पुढेमागे परततात. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. टोळ्या कारखान्यांच्या आवारात, उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत अडकून पडल्या. एप्रिलच्या मध्यावर राज्य शासनाने त्यांना गावी परतण्याची मुभा दिली. लाखाहून अधिक माणसे, सोबत लेकरे, बैल, गाड्या आणि संसाराची गाठोडी घेऊन घराकडे निघाली. त्यांतील फार मोठा भाग बीडच्या वाटेवर होता.

या जिल्ह्याच्या सीमा काही एकदोन नव्हेत. अहिल्यानगर, जालना, परभणी, लातूर, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर अशा सहा जिल्ह्यांशी त्या भिडतात. शहागडचा गोदावरी पूल ओलांडून येणारा धुळे-सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, चौसाळा असा जिल्हा चिरत जातो. आष्टीकडे नगरचा रस्ता, परळी-अंबाजोगाईकडे लातूर-परभणीचे रस्ते, आणि त्यांच्या अधेमधे शेतांतून, नद्यांच्या पात्रांतून जाणाऱ्या असंख्य पाऊलवाटा. महामार्गावर अडवलेला माणूस पाऊलवाटेने येणार, हे हवालदाराला ठाऊक असते. म्हणून तोही पाऊलवाटेवर जाऊन उभा राहतो.

मराठवाड्यातील एप्रिल-मे म्हणजे चाळीस अंशांच्या वरचे ऊन. नाक्यावर एखादा मांडव, पाण्याचा माठ, लोखंडी अडथळे आणि नोंदवही. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, कारखाना, मुकादम, सोबतची माणसे लिहून घ्यायची. ताप तपासणाऱ्या आरोग्यसेवकाजवळ उभे राहायचे. उपाशी लेकराला बिस्किटाचा पुडा द्यायचा. रागाने अंगावर येणाऱ्याला समजवायचे. आणि हे सारे हातभर अंतरावरून, कारण माणसाशी बोलायचे तर जवळ जावेच लागते. ज्या रोगाचा सारा प्रसार श्वासावाटे होता, त्या रोगासमोर पोलिसाचे मुख्य हत्यार होते संभाषण! शहरांतील जाणकारांनी दूरचित्रवाणीवर अंतर राखण्याचे धडे दिले, ते योग्यच होते. मात्र नाकाबंदी अंतर राखून करता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या धड्यांत नव्हती.

परतलेल्यांना गावात थेट प्रवेश नव्हता. शाळेत, शेतात, गावकुसाबाहेर त्यांना ठरावीक दिवस काढायचे होते. आपल्याच गावाने आपल्याला वेशीवर थांबवावे, हे सोसणे अवघड. गावालाही भीती होती, परतणाऱ्यांनाही घराची ओढ होती. दोहोंच्या मध्ये पुन्हा तोच खाकी गणवेश उभा.

या गणवेशाचा एक जुना इतिहास आहे आणि तो विसरून चालणार नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा इंग्रज सरकारने घरझडतीसाठी गोरे सैनिक पाठवले. देवघरे बाटवली गेली, स्त्रियांचा अवमान झाला. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. पुढे १९०२ च्या साथीत नागपुरात डॉ. हेडगेवारांचे आईवडील एकाच दिवशी गेले; पुढे संघ उभारणारा तो मुलगा तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. मराठवाड्याच्या वाट्याला आलेला गणवेश तर आणखी वेगळा. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीडच्या रस्त्यांवर फिरणारा पोलीस निजामाचा होता आणि रझाकारांच्या दिवसांत त्याच्याकडून रक्षणाची अपेक्षा कोणी करत नव्हते. आजोबांच्या पिढीने पोलीस दिसताच दार लावून घेतले, त्याला कारण होते.

साथ आणि गणवेश यांचे नाते असे भयाचे होते. १८९७ चाच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. कलमे तीच, पण कायदा राबवणारा माणूस बदललेला. तो आष्टी-पाटोद्याचा, धारूर-केजचा, कुणा ऊसतोड कामगाराचाच मुलगा. ज्याला अडवायचे तो त्याचा मामा असू शकत होता. काही ठिकाणी काठी वाजवीपेक्षा जास्त चालली, हेही खरे, आणि त्यावर टीका झाली ती रास्त होती. परंतु त्या काही चित्रफितींनी शेकडो नाक्यांवरचे शांत, न दिसलेले काम झाकले जाणे हा अन्याय होय.

मरणाची पहिली वार्ता मुंबईहून आली. एप्रिल २०२० च्या अखेरीस तीन दिवसांत तेथील तीन हवालदार गेले. तिघेही पन्नाशी ओलांडलेले. त्यानंतर मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी ५५ वर्षांवरील कर्मचाऱ्यांना घरी थांबण्यास सांगितले. वर्ष संपेपर्यंत राज्याच्या पोलीस दलाने सुमारे तीनशे माणसे गमावली आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेने त्यांत भर घातली. मोठी चकमक झाली असती तर एवढ्या संख्येने राज्य हादरले असते. ही माणसे मात्र एकेकटी, वेगवेगळ्या रुग्णालयांत, वेगवेगळ्या रात्री गेली.

आणि जाण्याची रीतही कशी? घरात शिरण्यापूर्वी गणवेश अंगणात उतरवणारा, लेकरांना दुरून पाहणारा, ओसरीवर वेगळे अंथरूण टाकणारा हा माणूस अखेर घरच्यांना दिसलाच नाही. देह घरी आणता आला नाही. गंगाजलाचा थेंब, तुळशीपत्र, शेवटचे दर्शन, तिरडीला खांदा, जे आपल्या समाजात अगदी परक्यालाही दिले जाते ते त्याला मिळाले नाही. वेष्टनात बांधलेल्या देहाला दुरूनच अग्नी दिला गेला. परळीत वैद्यनाथाचे मंदिरही तेव्हा भाविकांना बंद होते; राज्यातील देवळे उघडली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. वैद्यांचा नाथही गाभाऱ्यात एकटा होता, असे कोणी म्हटले तर ते अश्रद्धेने म्हटलेले नसेल.

शासनाने अशा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना ५० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. निर्णय उदार होता, याबद्दल शंका नाही. मे २०२० च्या त्या आदेशात एक अट होती: रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी अथवा मृत्यूपूर्वी १४ दिवसांच्या आत कर्मचारी कर्तव्यावर हजर असला पाहिजे. सरकारी तिजोरीला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण ज्याने अंगावर ताप काढला, किरकोळ रजा टाकून घरी पडून राहिला आणि उशिरा दाखल झाला, त्याच्या पत्नीला हजेरीपटाची पाने उलटून दिवस मोजावे लागतात. पतीने रजा घेतली याचे दुःख करण्याची पाळी विधवेवर यावी, एवढा विचार अट लिहिणाऱ्याच्या मनात आला नसावा.

या मरणांचे खापर केवळ विषाणूवर फोडता येईल का? साथीने ज्यांना आधी उचलले, त्यांतील अनेकांची शरीरे आधीच खचलेली असणार, कारण पोलीस ठाण्यातील चाळिशीनंतरचे आयुष्यच तसे आहे. रात्रपाळी, बंदोबस्त, अवेळी जेवण, रद्द झालेली साप्ताहिक सुट्टी, आणि त्यातून रक्तदाब व मधुमेह. सणाच्या दिवशी समाज घरी असतो तेव्हा पोलीस रस्त्यावर असतो. गणेशोत्सव, दसरा मेळावे, निवडणुका, मोर्चे, सारे त्याच्याच कालनिर्णयात लाल अक्षरांत. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या कामाचा प्रयोग सुरू झाला. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला आणि मूळ आराखडा एका शिपायाने मांडला होता, हे विशेष. ग्रामीण जिल्ह्यात एकेका ठाण्याखाली डझनावारी गावे असताना तो प्रयोग तसाच्या तसा उतरणार नाही. मनुष्यबळ वाढल्याशिवाय तास कमी होत नाहीत.

साथीच्या काळात संघाच्या स्वयंसेवकांनी, जनकल्याण समितीने ठिकठिकाणी शिधा पोहोचवला, तपासणीत हात दिला. तेव्हा त्यांनी पोलिसाला नाक्यावर जवळून पाहिले, त्याच्या हातचा चहा घेतला. त्या ओळखीचा उपयोग आता व्हायला हवा. येत्या २१ ऑक्टोबरला शोकशस्त्राची सलामी होईल तेव्हा साथीत गेलेल्यांची नावेही हुद्दा, बक्कल क्रमांक आणि ठाण्यासह वाचली जावीत, अशी विनंती तालुक्यातालुक्यांतून करता येईल. आणि त्याआधी कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन विचारावे: साहाय्याची रक्कम पोहोचली का, अनुकंपा नियुक्तीच्या प्रतीक्षायादीत मुलाचे नाव कितवे आहे, पोलीस वसाहतीतील खोली सोडल्यानंतर कुटुंब कुठे राहते, मुलीचे शिक्षण चालू आहे ना. हजेरीपटाची ती पाने अजून कोणाकडे अडली असतील, तर कार्यालयात सोबत जायला एक माणूस पुरतो.