तिकिटावरची तारीख



आमच्या बचत गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघाल्या होत्या. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी, सगळी बांधाबांध झाली होती. ९ मेच्या बैठकीत हप्ता भरताना म्हणाल्या, "१२ तारखेला दुपारी साताऱ्याहून गाडी करते. विमान रात्री एकचं आहे."

मी तिकीट बघायला मागितलं. त्यावर छापलं होतं, १२ मे, ०१:००. मी म्हटलं, "काकू, तुम्ही १२ला दुपारी घरातून निघाल, तोवर तुमचं विमान निम्म्याहून जास्त वाट कापून गेलेलं असेल!"

सगळ्याजणी गप्प झाल्या. एवढ्या पैशांचं तिकीट, आणि तिकडे लेकीचे दिवस भरत आलेले.

पण काकूंना हसू नका. आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला. ११ला रात्री झोपलो, की उजाडेपर्यंत आपल्या लेखी ती ११चीच रात्र. तिकिटावरची तारीख मात्र रात्री बाराच्या ठोक्याला बदलते. म्हणून १२ तारखेचा रात्रीचा एक म्हणजे ११ तारखेची रात्र. परदेशी जायचं तर विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे ११ला रात्री दहाला. साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आसपास. घाट, गर्दी, जेवण धरून ११लाच दुपारी निघायला हवं.

काकूंचा दुसरा प्रश्न, "पोचायची वेळ १२ मे, सकाळी साडेसात लिहिलीय. म्हणजे साडेसहा तासांत अमेरिका?"

नाही हो! मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश घेर झाला. मध्ये न थांबता जाणाऱ्या विमानालाही साधारण १६ तास लागतात. तिकिटावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोचायची न्यूयॉर्कच्या. उन्हाळ्यात ते घड्याळ आपल्या मागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. रात्री एकमध्ये १६ तास मिळवले, की आपल्याकडे संध्याकाळचे पाच. त्यातून साडेनऊ वजा केले, की तिथले सकाळचे साडेसात. जमला हिशेब!

परतीला उलटं. तिथून सकाळी साडेअकराला निघालं, तर इथे दुसऱ्या दिवशी साडेअकराला पोचल्याचं दिसेल. वाटतं २४ तास, खरे साडेचौदाच. येताना वेळ कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते पाठीवर मिळतात. मध्ये विमान बदलायचं असेल, तर थांब्याचे तास वेगळे धरा.

हे तास कळले, की औषधांचंही कळतं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर घड्याळ बदलल्यावर कधी घ्यायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत टाकलीत, तर १६ तास हाताला लागणार नाहीत. अधूनमधून उठून चाला, पाणी प्या.

काकू ११ला रात्री साडेनऊलाच विमानतळावर हजर होत्या. आठवड्याने फोन आला, नात झाली. तिला पहिली आंघोळ आजीनेच घातली.

तेव्हा तिकीट हातात आलं, की ते गटात आणा. निघायची तारीख चौघींनी मिळून वाचा, मगच गाडी सांगा.